कणकुंबीच्या शेडातला कोबा : आपल्या भागातल्या जमिनींचा थोडा इतिहास

जुन्या घरांबद्दल लिहिताना आपण सगळे तुळया, कौलं, देवळी, माजघर यांच्यावर भरभरून लिहितो. पायाखालच्या जमिनीवर कोणी चार ओळी लिहीत नाही. आज त्या जमिनीबद्दल, आणि त्यातही कारखान्याच्या जमिनीबद्दल लिहितोय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, चोर्ला घाटाच्या माथ्यावर आमचं कणकुंबी. माउलीचं देऊळ आणि मलप्रभेचा उगम म्हणून बाहेरचे लोक ओळखतात. आम्ही ओळखतो ते पावसामुळे. मृग लागला की चार महिने भिंतीला हात लावला तरी हात ओला. अशा गावात जमीन कोरडी आणि घट्ट ठेवणं हे घरातल्या बायकांचं वर्षभराचं काम होतं. लाल माती आणि मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, धुमसाने ठोकायचं, मग चोपण्याने चोपत मागे मागे सरकायचं, आणि वरून शेणाचं सारवण. खळ्याची जमीनही तशीच व्हायची, कारण भाताच्या दाण्यात माती आलेली कुणाला चालत नसे. सारवण म्हणजे जमिनीला 'सील' करणंच की! फक्त ते आठ दिवसांनी परत करावं लागायचं.

ज्यांच्याकडे चार पैसे होते त्यांच्याकडे चुन्याचा कोबा. विटांचे तुकडे, भिजवलेला चुना, त्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी. पाच-सहा माणसं ओळीत बसून लाकडी थापीने दिवसचे दिवस ठोकत राहायची. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून हळूहळू परत दगड होतो, म्हणून अशी जमीन जितकी जुनी तितकी कडक. पण चुन्याला सवड लागते, आणि कारखान्याला सवड नसते.

आपल्या भागात कारखाना या शब्दाची सुरुवात बेळगावातच झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, तिथून कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. १९१० मध्ये औंधच्या राजांनी कुंडलजवळ माळरान दिलं आणि कारखाना तिकडे गेला, पण बेळगावात किर्लोस्कर रोड हे नाव राहिलं. त्या काळात सिमेंट म्हणजे विलायती माल, लाकडी पिंपांतून यायचा. पोरबंदरला १९१४ मध्ये देशी सिमेंट व्यवस्थित निघायला लागलं, तरी आपल्याकडच्या छोट्या कारखान्यांत बरीच वर्षं शहाबादी फरशीच घालत. फरशी दिसायला चांगली, पण वरून पन्नास किलोचं कास्टिंग पडलं की दोन तुकडे.

एक गंमत सांगतो. बेळगावच्या फाउंड्रीत गेलात तर ओतकामाच्या जागी आजही वाळूचीच जमीन दिसेल. नवख्या माणसाला वाटतं, मालकाने पैसे वाचवले. तसं नाही. काँक्रीटच्या पोटात पाणी असतं. वितळलेलं लोखंड त्यावर सांडलं की त्या पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि काँक्रीटचे तुकडे गोळीसारखे उडतात. म्हणून ओतकामाला वाळू, आणि लेथ-मिलिंगच्या बाजूला कोबा.

आमचे थोरले काका उद्यमबागेत टर्नर होते. चौदा वर्षं काम करून १९८६ मध्ये गावी परत आले, ते एक जुना लेथ घेऊन. घाटातून गोव्याला जाणारे ट्रक, गावातली भाताची गिरणी, पाण्याचे पंप, यांची कामं मिळतील असा हिशेब. लेथसाठी काकूंच्या पाटल्या आणि बोरमाळ सोसायटीत गेली होती. सिमेंट १९८२ मध्ये अर्धवट कंट्रोलमुक्त झालं होतं (पूर्ण मोकळं १९८९ मध्ये झालं), त्यामुळे परमिटाच्या रांगेशिवाय पोती मिळाली, पण भाव खुल्या बाजाराचा. म्हणजे एकेक पोतं मोजून आणलेलं.

शेडाची जमीन मे महिन्यात टाकली. मुरूम, सोलिंग, वर चार इंच काँक्रीट. आणि इथे घात झाला. गवंड्याने माल पातळ केला, कारण पातळ माल पाट्याखाली भराभर पसरतो. पातळ माल बसला की पाणी वर येतं. ते पाणी उडून जायची वाट बघायच्या ऐवजी त्याने वरून कोरडं सिमेंट भुरभुरलं आणि लोखंडी थापीने घोटून आरशासारखं चकचकीत केलं. काका म्हणाले, "कोरडं सिमेंट कशाला टाकायलास रे?" त्यावर, "काय होत नाही ओ मालक, बघा की कसं झळाकतंय." दोन दिवस पाणी मारलं आणि गडी जत्रेला गेले. विहीर तळाला गेलेली, घरच्यांनीही मोजकंच पाणी घातलं.

काँक्रीट वाळून घट्ट होतं असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. ते वाळून नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. सिमेंट आणि पाण्याची रासायनिक क्रिया आठवडेच्या आठवडे चालते. म्हणून निदान सात दिवस, जमत असेल तर त्याहून जास्त, मातीचे वाफे करून पाणी तुंबवायचं किंवा ओली किंतानं आणि भाताचं पिंजर पसरून ठेवायचं. वरचा थर लवकर सुकला तर तेवढाच कच्चा राहतो. आत दगड आणि वर पापडी.

दिवाळीपर्यंत शेडात पांढरी धूळ दिसायला लागली. काकू सकाळी झाडायच्या, दुपारी परत तेवढीच. झाडलं की जास्त निघायची. घरात कोणी तक्रार केली नसती, पण लेथ होता. ती धूळ बारीक वाळूसकट लेथच्या बेडवर बसते, तेलात मिसळते आणि कानशीसारखं काम करते. बेड झिजला की नेम गेला, आणि नेम गेलेल्या लेथवर गिऱ्हाईक येत नाही. बोरमाळ सोसायटीत, हप्ता दर महिन्याचा. काका रोज संध्याकाळी बेड पुसून त्यावर जुनं धोतर पांघरायचे. जमीन फोडून परत टाकायला पैसे नव्हते.

उपाय त्यांना फाउंड्रीतूनच आठवला. तिथे कोअर करताना वाळूत सोडियम सिलिकेट मिसळतात आणि वरून कार्बन डायऑक्साइड सोडतात, की वाळूचा गोळा मिनिटभरात विटेसारखा घट्ट. काकांनी विचार केला, जे वाळूला बांधतं ते कोब्याला का बांधणार नाही? हे काही त्यांचंच डोकं नव्हे. बव्हेरियातल्या फुक्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा 'पाण्यात विरघळणारा काच' तयार केला, आणि म्युनिकच्या नाट्यगृहाच्या लाकडाला आग लागू नये म्हणून तो फासला होता. जमिनी घट्ट करायला तो पुढे जगभर वापरला गेला. कोब्यात त्याचं काम जरा वेगळं होतं. सिमेंट घट्ट होताना मोकळा चुना शिल्लक राहतो. सिलिकेट छिद्रांतून आत जातं, त्या चुन्याला धरतं, आणि सिमेंटमध्ये जो पदार्थ मुळात ताकद देतो तसलाच पदार्थ त्या छिद्रांत तयार होतो.

ओळखीच्या कोअर शॉपमधून एक डबा एसटीच्या टपावरून आला. पाकासारखं घट्ट, चिकट. आधी काकांनी एका कोपऱ्यात हातभर जागेवर लावून बघितलं. खिळ्याने ओरखडा काढला. न लावलेल्या जागी पांढरी रेघ आणि भुकटी, लावलेल्या जागी नुसती चकाकती रेघ. मग जानेवारीच्या कोरड्या हवेत सगळी जमीन ब्रशने घासली, धुतली, सुकवली. एक भाग सिलिकेट, चार भाग पाणी. खराट्याने पसरायचं, पिईल तेवढं पिऊ द्यायचं, दुसऱ्या दिवशी धुवायचं आणि परत लावायचं. असे तीन हात. जास्तीचं पुसलं नाही तर वर पांढरा पापुद्रा धरतो. हाताला आणि डोळ्याला वाईट, म्हणून पोरांना आत यायला बंदी. आम्ही खिडकीतून बघायचो.

बहुतेक जमीन धरली. पण दाराजवळ, जिथे पाणी सगळ्यात कमी घातलं होतं, तिथे काही उपयोग झाला नाही. सिलिकेट मुळात जे आहे त्याला घट्ट करतं, नसलेली ताकद आणत नाही. ती चार-पाच फुटांची जागा छिन्नीने फोडून परत टाकली, वरच्या अर्ध्या इंचात आयर्नाइट घालून. आयर्नाइट म्हणजे लोखंडाची बारीक चूर, चार भाग सिमेंटला एक भाग. या वेळी काका स्वतः पाट्यावर बसले आणि पंधरा दिवस पिंजर ओलं ठेवायची जबाबदारी काकूंनी घेतली. आजही शेडात शिरताना तो पहिला काळपट चौकोन ओळखू येतो. बोरमाळ १९९० मध्ये घरी आली. पाटल्या मात्र गेल्या त्या गेल्या.

घट्ट करणं आणि सील करणं यात लोक गल्लत करतात, तेही सांगून टाकतो. सिलिकेट आत जातं, वर पडदा धरत नाही, त्यामुळे ऑइल सांडलं की डाग पडायचाच. एपॉक्सीचा रंग वर पडदा धरतो, तेलाला दाद देत नाही. पण आमच्यासारख्या पावसाच्या गावात खालून ओल वर येते आणि त्या पडद्याला ढकलते. घाटमाथ्यावरच्या एका नव्या गॅरेजात हिरवागार एपॉक्सी मारला होता. पहिल्या पावसाळ्यात फोड आले, दुसऱ्यात पोपडे निघाले. रंगाचा दोष नव्हता, काँक्रीटखाली प्लास्टिकच घातलं नव्हतं. ओल आहे का हे बघायची सोपी युक्ती आहे. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून जमिनीवर चिकटवायचा आणि रात्रभर ठेवायचा. सकाळी खाली दव किंवा गडद डाग दिसला तर रंगाचा डबा उघडू नये.

माझ्या चुलतभावाने अलीकडे शेजारी नवं शेड घातलं. सोलिंगवर जाड प्लास्टिक, वर सहा इंच ट्रिमिक्स, म्हणजे पंपाने जास्तीचं पाणी ओढून घेतात आणि मशीनने घोटतात. ओल्या मालावरच हार्डनरची पूड. ही पूड आणि काकांच्या गवंड्याने भुरभुरलेलं सिमेंट दिसायला एकच, पण ही पडते ती वर आलेलं पाणी गेल्यावर, आणि तिच्यात कडक खडी असते. दुसऱ्या दिवशी कटरने चौकोन कापले, कारण काँक्रीट आकसताना फाटणारच. ते आपण आखलेल्या रेघेवर फाटावं एवढंच आपल्या हातात. महिनाभराने वर सिलिकेट. काका आता ऐंशीच्या घरात आहेत. ठेकेदार डब्यावरचं इंग्रजी नाव वाचून दाखवत होता, तर त्यांनी बोट बुडवून अंगठ्यावर चोळलं आणि म्हणाले, "कोअर शॉपचंच की रे हे."

तुमच्यापैकी कुणाच्या घरी, खानापूर, जांबोटी, निपाणी, चंदगड कुठेही, चुन्याचा जुना कोबा अजून शाबूत असेल तर फोटो टाका. आणि तो ठोकताना कोणती गाणी म्हणायचे हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जरूर विचारा. आमच्याकडे ती आठवणारं आता कोणी उरलं नाही.