रायफलीवरच्या दिव्याची कुळी

रायफलीवर बसवायच्या दिव्याचा इतिहास जाणकार सहसा 1980च्या दशकातल्या अमेरिकन पोलीस तुकड्यांपासून सांगतात. मी तो मे 1926 पासून, गढवालमधल्या रुद्रप्रयागपासून धरतो. सरकारी नोंदीनुसार सव्वाशे माणसं खाल्लेल्या बिबट्यासाठी जिम कॉर्बेट आंब्याच्या झाडावर बसला होता. खाली बांधलेल्या बकरीची घंटा वाजली. त्यानं रायफलीवरच्या टॉर्चचं बटण दाबलं, नेम थेट बिबट्याच्या खांद्यावर दिसला, चाप ओढला आणि तेवढ्यात टॉर्च विझला. बिबट्या मेला, पण ते सकाळी कळलं. टॉर्च कित्येक महिने नुसताच बाळगला होता, सेल तपासून बघावे लागतात हे माहीत नव्हतं, असं कॉर्बेटनंच लिहून ठेवलंय.

तेव्हाचे जस्त-कार्बन सेल दीड व्होल्टचे. पडून राहिले तरी उतरायचे, थंडीत मान टाकायचे. यावरचा उतारा शस्त्रांच्या कारखान्यातून आला नाही, तो आला फोटोवाल्यांकडून! फ्लॅश, फोकस आणि रीळ ओढणारी मोटर असा तिहेरी भार पेलायला ऑटोमॅटिक कॅमेऱ्यांना दमदार सेल हवा होता. तो म्हणजे सीआर123ए: लिथियमचा, 3 व्होल्टचा, 17 मिलिमीटर जाड आणि जेमतेम साडेचौतीस लांब. आत पाणी नाही, म्हणून थंडीला दाद देत नाही. कपाटात दहा वर्षं टिकतो. कॅलिफोर्नियाच्या शुअरफायरनं असे दोन सेल एकामागे एक घालून टॉर्च बनवला, 6पी. त्यातला सहा म्हणजे सहा व्होल्ट.

एलईडीचे भक्त म्हणतील, खरी क्रांती आमची. गोळीच्या धक्क्यानं बल्बची तार तुटायची, एलईडीत तारच नाही. खरंय. पण धक्का पचवणारी, बल्ब सांभाळणारी टोपणं एलईडीच्या आधीच निघाली होती. उतरलेल्या सेलवर एलईडी तरी काय करणार? दिवा अडकवायच्या पिकॅटिनी पट्टीचं 1995 मध्ये प्रमाणीकरण झालं, तेही सोयीचंच. पण पट्टी दिवा धरते, पेटवत नाही.

आता बऱ्याच दिव्यांत 18650 हा रिचार्जेबल सेल असतो. 18 मिलिमीटर जाड, 65 लांब. तो लॅपटॉपच्या बॅटरीत वर्षानुवर्षं राबलेला, म्हणजे पुन्हा उसनवारीच.

तेव्हा दिवा निवडताना लुमेनचा आकडा नंतर बघा. आधी आत कोणता सेल बसतो ते विचारा, त्याच्यावर छापलेली मुदत वाचा आणि घरी आणल्यावर अधूनमधून पेटवून बघत जा.