बंद दाराआडचे बोलणे

होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांवरून ज्या वसाहतीला नाव मिळाले, त्या बेंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये एखाद्या मराठी घरी पडद्यावर इंग्लंडची राणी आणि तिचे पंतप्रधान बोलताना दिसले, तर आता कोणाला नवल वाटत नाही. पीटर मॉर्गन या नाटककाराची ‘द क्राउन’ ही मालिका २०१६ पासून २०२३ पर्यंत घरोघर पोहोचली. राणी एलिझाबेथ आणि पंतप्रधान यांची दर आठवड्याला भेट होई. तिथे तिसरा माणूस नसे आणि टिपणही ठेवले जात नसे. तेव्हा १९५६ च्या सुएझ प्रकरणी ईडन राणीपाशी काय बोलले, हे नाटककाराने रचलेलेच असणार. त्यात वावगे काही नाही. आमच्या बखरकारांनीही खलबतखान्यातली भाषणे कानाने ऐकल्यासारखी लिहून ठेवली आहेत.

पण श्रोतेहो, अशा एका संभाषणात आपलाही माणूस होता. १९०६ च्या उन्हाळ्यात गोपाळ कृष्ण गोखले लंडनमध्ये भारतमंत्री जॉन मोर्ले यांना अनेकदा खासगीत भेटले. गोखले चाळिशीचे, तर ग्लॅडस्टनचे चरित्रकार मोर्लेसाहेब सदुसष्ट वर्षांचे. सुशिक्षित हिंदी माणसे मोर्ल्यांना गुरुस्थानी मानतात, असे गोखल्यांनी आदल्याच डिसेंबरात बनारस काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून सांगितले होते. म्हणजे ही भेट मुत्सद्द्यांची, तशीच गुरुशिष्यांचीही.

त्या भेटींविषयी मोर्ल्यांनी व्हाइसरॉय मिंटो यांना पत्रे लिहिली आणि १९१७ साली आपल्या आठवणींत ती छापली. वसाहतींसारखे स्वराज्य हे आपले अंतिम ध्येय गोखल्यांनी लपविले नाही. आपल्या हयातीनंतरही पुष्कळ काळ ते स्वप्नच राहील, हे मोर्ल्यांनीही लपविले नाही. मोर्ले १९२३ साली वारले. तेवढ्यापुरते भाकीत खरे ठरले म्हणायचे! गोखले मात्र १९१५ मध्येच गेले होते. छापलेल्या हकिकतीवर आपली बाजू मांडायला ते उरले नव्हते.

हा प्रवेश उद्या कोणी मराठीत लिहिला, तर मोह होईल तो गोखल्यांच्या तोंडी १९०९ चे ज्ञान घालण्याचा. विभक्त मतदारसंघ त्या वर्षीच्या कायद्याने आले. आगाखानांचे शिष्टमंडळ सिमल्यास मिंटोंना भेटले, तेही १९०६ च्या १ ऑक्टोबरला. ऑगस्टच्या आरंभी, मोर्ले मिंटोंना ते ‘स्वप्ना’चे पत्र लिहीत होते तेव्हा, यातले काहीच घडलेले नव्हते. त्या खोलीतून बाहेर पडताना गोखल्यांपाशी सुधारणांची आशा होती, आणि ती नाटककाराने काढून घेऊ नये.