घशातला काटा आणि संत ब्रास

संत ब्रास हे चौथ्या शतकाच्या आरंभी सेबास्ते नगराचे बिशप होते. सेबास्ते म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले सिवास. परंपरा सांगते की ते आधी वैद्य होते आणि रोमन सम्राट लिसिनियसच्या काळात, इ.स. 316 च्या सुमारास, त्यांना देहदंड झाला. खात्रीचे म्हणावे असे याहून फारसे हाती लागत नाही. सविस्तर चरित्रे काही शतकांनंतरची आहेत आणि त्यांत चमत्कारांची रेलचेल आहे.

या चरित्रांनुसार ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू होताच ब्रास डोंगरातल्या गुहेत राहू लागले. तिथे आजारी जनावरे त्यांच्याकडे येत. शिकाऱ्यांनी त्यांना धरून तुरुंगाकडे नेले, तेव्हा वाटेत एका बाईने आपला मुलगा त्यांच्या पायाशी ठेवला. घशात माशाचा काटा अडकून त्याचा जीव जात होता. ब्रास यांनी प्रार्थना केली आणि पोर वाचले. पुढे लोकर विंचरण्याच्या लोखंडी फण्यांनी त्यांचे अंग सोलून शेवटी शिरच्छेद करण्यात आला. युरोपातल्या लोकर विंचरणाऱ्यांनी त्यांना आपला कैवारी मानले, ते या फण्यांमुळेच.

तरी संताची खरी ख्याती काट्याची. अमिडाचा एटियस या जुन्या ग्रीक वैद्याच्या ग्रंथात घशात अडकलेले हाड काढण्याच्या उपायांमध्ये चक्क ब्रास यांचे नाव घ्यायला सांगितले आहे. चरित्रे रचली जाण्याआधीच हे नाव वैद्यकात शिरले होते, असे दिसते. पेडवे-तारले खाणाऱ्या मालवण किनाऱ्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. इथे काटा अडकला की भाताचा मुटका न चावता गिळायला लावतात.

ॲड्रियाटिक किनाऱ्यावरच्या दुब्रोव्निक शहराने ब्रास यांना आपला रक्षक संत मानले. पोर्तुगीज अमलात जुन्या गोव्याजवळच्या गवंडाळीत त्यांच्या नावाचे चर्च उभे राहिले. त्याचा संबंध दुब्रोव्निकच्या व्यापाऱ्यांशी जोडला जातो. सिंधुदुर्गातली बरीच कॅथलिक घराणी मूळची गोव्याकडचीच. 2005 साली पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्गचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि सावंतवाडीला बिशपांचे पीठ आले.

कॅथलिक पंचांगात ब्रास यांचा सण 3 फेब्रुवारीला येतो. आदल्या दिवशीच्या सणाला मेणबत्त्या मंतरल्या जातात. त्यांतल्या दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून पाद्री भाविकांच्या गळ्याला लावतात आणि घशाच्या दुखण्यांपासून रक्षणाची प्रार्थना करतात.