डॉज आणि बर्न: अंधाऱ्या खोलीतून आलेली हत्यारं

फोटोशॉपच्या टूलबारमध्ये काडीला लावलेल्या काळ्या चकतीसारखं एक चिन्ह आहे. त्याच्यामागे बोटं वळवलेल्या हाताचं दुसरं चिन्ह दडलेलं असतं. पहिलं डॉज टूल. फोटोचा हवा तेवढाच भाग उजळणारं. दुसरं बर्न, तो गडद करणारं. डार्करूम न पाहिलेल्या पिढीला ही चित्रं कोड्यासारखी वाटतात, पण ती चकती आणि तो हात अगदी खरे होते.

डार्करूममध्ये एन्लार्जर या प्रतिमा मोठी करणाऱ्या यंत्राखाली निगेटिव्हमधून येणारा उजेड ब्रोमाइड पेपरवर पडतो आणि जिथे तो जास्त वेळ पडेल तिथे कागद जास्त काळा होतो. समजा, प्रिंटला 20 सेकंद पुरतात, पण टोपीखालचा चेहरा फारच काळवंडतो आहे. मग प्रिंट करणारा तारेच्या टोकाला डकवलेली पुठ्ठ्याची चकती उजेडात आडवी धरून त्यातले 5 सेकंद चेहऱ्यावर सावली पाडतो. चकती सतत हलती ठेवावी लागते. स्थिर राहिली की तिची कड कागदावर उमटलीच. आकाश फिकं येत असेल तर उलटं करायचं: बाकीचा प्रिंट दोन्ही हातांनी झाकायचा आणि ओंजळीच्या फटीतून तेवढ्या आकाशाला जादा उजेड द्यायचा.

छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी 1941 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपला. हे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे, पण त्यातलं काळंभोर आकाश निगेटिव्हमध्ये तसं नव्हतं. सुरुवातीच्या प्रिंट्समध्ये ते राखाडी आहे, ढगांचे पुसट पट्टेही दिसतात. पुढची कित्येक वर्षं अ‍ॅडम्स ते आकाश बर्न करत राहिले आणि दर दशकात ते अधिक गडद होत गेलं. न्यूयॉर्कमध्ये मॅग्नम या छायाचित्रकारांच्या संस्थेच्या डार्करूममध्ये प्रिंट काढणारे पाब्लो इनिरियो हे तर कामाच्या प्रिंटवर नकाशाच काढत. डेनिस स्टॉक यांनी टाइम्स स्क्वेअरमध्ये पावसात टिपलेल्या अभिनेता जेम्स डीनच्या फोटोवर त्यांनी रेघा आणि गोल आखून, कुठे किती उजेड द्यायचा, कुठे रोखायचा याचे आकडे लिहिलेले आहेत. तो कागद पाहिला की प्रिंट काढणं ही केवढी मोठी कारागिरी होती ते कळतं.

डाग, सुरकुत्या घालवणाऱ्या टूल्सचं कुळ मात्र वेगळं आणि आणखी जुनं आहे. म्युनिकचे फ्रान्त्स हान्फ्स्टेंगल यांनी 1855 च्या पॅरिस प्रदर्शनात रिटचिंग केलेली निगेटिव्ह मांडली आणि सोबत आधीचे-नंतरचे प्रिंटही ठेवले. मग जगभरच्या स्टुडिओंत हे काम रुजलं. चेहऱ्यावरची सुरकुती प्रिंटमध्ये काळी, म्हणजे निगेटिव्हमध्ये पारदर्शक. त्या रेघेत लांब टोकाच्या पेन्सिलीने शिसं भरलं की उजेड अडतो आणि सुरकुती मावळते.

या दोन्ही घराण्यांची गाठ संगणकावर पडली. 1987 मध्ये मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या थॉमस नोल यांनी मॅकिंटॉशवर छायाचित्रं दाखवणारा एक प्रोग्रॅम लिहिला. त्यांच्या वडिलांची घराच्या तळघरात डार्करूम होती आणि मुलगा तिथेच प्रिंटिंग शिकला होता. भाऊ जॉन यांच्या साथीने वाढलेला तो प्रोग्रॅम फेब्रुवारी 1990 मध्ये फोटोशॉप म्हणून बाजारात आला. 2002 मध्ये त्यात हीलिंग ब्रश आला. तो जवळच्या त्वचेचा पोत उचलतो, पण रंग आणि उजेड डागाच्या जागचाच ठेवतो. पेन्सिलवाल्यांना ज्यासाठी सराईत हात कमवावा लागे, ते काम एका क्लिकवर आलं.

तरी ही दोन कुळं वेगळीच मानायला हवीत. डॉज-बर्नमुळे आधीपासून असलेलं नीट दिसतं. हीलिंग असलेलं घालवतं. 2013 मध्ये या फरकाची जाहीर कसोटी लागली. स्वीडनचे पॉल हान्सन यांच्या गाझातल्या अंत्ययात्रेच्या फोटोला वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि तो जोडकाम केलेला असल्याचा आरोप झाला. गल्लीतला असमान उजेड सावरण्यासाठी आपण एकाच रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या कच्च्या, फाइलवर वेगवेगळ्या घनतेने काम केलं, असं हान्सन यांचं म्हणणं होतं. तज्ज्ञांनी मूळ फाइल तपासली. रंग आणि छटा काही भागांत बदलल्या होत्या, पण फोटोत काही घातलेलं वा काढलेलं नव्हतं. पुरस्कार कायम राहिला.