कॉन्यॅकची परिभाषा आणि तिचा इतिहास

फ्रान्समधील शारांत नदीकाठच्या ज्या नगराचे नाव कॉन्यॅक या मद्यास मिळाले, त्या नगराच्या भूमीचाच तो सर्वस्वी गुण होय, असे सामान्यतः मानले जाते. त्या मद्याची परिभाषा मात्र निराळी साक्ष देते.

'ब्रँडी' हा शब्द मुळात डच 'ब्रांडेवेइन', म्हणजे 'जाळलेली वाइन', या संज्ञेचा इंग्रजी संक्षेप आहे. शारांतच्या खोऱ्यात उत्तरेकडील जहाजे प्रथम मिठासाठी येत, मागाहून वाइनसाठी. येथील हलकी वाइन लांबच्या समुद्रप्रवासात टिकत नसे; म्हणून सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांच्या मागणीने तिचे ऊर्ध्वपातन रूढ झाले. आजही ते तांब्याच्या भट्टीत दोन वेळा करतात आणि निघालेला अर्क निदान २ वर्षे ओकच्या पिंपांत मुरवितात.

रेमी मार्तँसारखी स्थानिक घराणी होतीच. परंतु १७१५ मध्ये पेढी काढणारा जाँ मार्तेल जर्सी बेटाचा, १७६५ चा रिचर्ड हेनेसी आयर्लंडचा, तर टॉमस हाइन इंग्लंडमधील डॉर्सेटचा होता. बाटलीवरील 'व्ही.एस.ओ.पी.' ही अक्षरे 'व्हेरी सुपीरियर ओल्ड पेल' या इंग्रजी शब्दांची आहेत, आणि मिश्रणातील सर्वांत कोवळी ब्रँडी निदान ४ वर्षांची असल्याची खूण म्हणून फ्रेंच नियमांनीही ती स्वीकारली आहेत! ग्राहक कोण होता, हे याहून स्पष्ट कोणते दप्तर सांगणार?

१८७० नंतरच्या दशकात फायलोक्सेरा किडीने येथील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. न्यू ऑर्लीन्सचे 'सॅझरॅक' हे मिश्रपेय मुळात त्याच नावाच्या घराण्याच्या कॉन्यॅकचे होते, अशी परंपरा आहे. आज त्यात बहुधा राय व्हिस्की असते. टंचाईत बनावट मालही बोकाळला. १९०९ च्या आदेशाने उत्पादनाचा प्रदेश आखून दिला, तो या पार्श्वभूमीवर. भूमीचा हक्क कायद्याने मान्य झाला तेव्हा परक्या पेढ्यांचा व्यापार दीडशे-दोनशे वर्षांचा झालेला होता. त्या प्रदेशातील 'ग्रांद शांपान्य' या विभागाचा फेसाळ शँपेनशी संबंध नाही. दोन्हींच्या मुळाशी मोकळ्या मैदानाचा वाचक असा लॅटिन 'कांपानिया' आहे.

आस्वादाच्या परिभाषेतही परकी भर आहेच. दीर्घकाळ मुरलेल्या कॉन्यॅकमध्ये अक्रोड, अळंबी यांची आठवण देणारा जो गंध येतो, त्यास 'रांसिओ' म्हणतात. हा शब्द स्पॅनिश-पोर्तुगीज असून त्याचा मूळ अर्थ 'खवट' असा आहे. मराठीत खवट खोबऱ्याची स्तुती कोणी करणार नाही. तेथे मात्र तो परिपक्वतेचा गौरव ठरतो.