ऋषिपंचमी आणि रक्ताचा जमाखर्च

भाद्रपद शुद्ध पंचमीस गंगाखेडच्या घाटावर, जिला इकडे कोणी गोदावरी न म्हणता गंगाच म्हणतात त्या नदीच्या पात्रात, उतारवयाच्या स्त्रिया पहाटेच स्नानास उतरत, आघाड्याच्या काड्यांनी दात घासत, आणि घरी परतल्यावर बैलाच्या श्रमाचे धान्य वर्ज्य करून परसातल्या अळू-भोपळ्याची ऋषीची भाजी तेवढी पानात घेत. ज्वारी-कापसावर, म्हणजे अखेर बैलाच्या खांद्यावरच, जगणाऱ्या परभणी जिल्ह्यात भाकरीवाचून काढलेला हा एक दिवस लहान खास नव्हे.

व्रताचा हेतू रजोदोषाचे क्षालन हा होता. ‘कावळा शिवला’ म्हणून महिन्याचे दिवस कोपऱ्यात काढताना कळत-नकळत घडलेल्या स्पर्शाचे पाप त्याने फिटते असे मानीत, आणि पाळी कायमची गेली म्हणजे उद्यापन करण्याचा प्रघात होता. रज बाराव्या वर्षानंतर सुरू होते व पन्नाशीस क्षय पावते, हे सुश्रुतसंहितेने फार पूर्वी सांगून ठेवले होते. परंतु त्या क्षयानंतर देहाच्या आत काय घडते, याची विचारपूस ना व्रताने केली, ना वैद्याने.

दरबारी दफ्तरानेही केली नाही. दिवाण सालारजंगाच्या १८६५ च्या जिल्हाबंदीपासून, म्हणजे मुलखाच्या जिल्हावार विभागणीपासून, निजामाच्या अमलात जमिनीची प्रत, पीक आणि महसुलाची बाकी यांची नोंद आधी फारसीतून व मग उर्दूतून कसोशीने होत गेली. पण जिच्या हाताने ती जमीन निंदली-खुरपली जाई, तिचे वय दुष्काळांच्या आणि पुरांच्या आठवणींवरच मोजले गेले.

ज्या १९४८ साली मराठवाडा मुक्त झाला, त्याच साली अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावी ५,२०९ स्त्रीपुरुषांच्या हृदयाची दीर्घकालीन पाहणी सुरू झाली, आणि समवयस्क स्त्रियांतही पाळी गेलेल्यांना हृद्रोग अधिक जडतो, हे तिच्यातून पुढे १९७६ साली मांडले गेले. कारणाचा धागा १९२९ मध्येच हाती आला होता. त्या वर्षी डॉइझी आणि बुटेनांट या दोघा संशोधकांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, इस्ट्रोन हे इस्ट्रोजेन वर्गातील स्त्रीसंप्रेरक शुद्ध रूपात वेगळे केले होते. बीजकोशांतून येणारा इस्ट्रोजेनचा हा पुरवठा आटला, की मस्तिष्कातील पीयूषिका ग्रंथी आपले संप्रेरक वाढवून बीजकोशांना व्यर्थ तगादा लावीत राहते. यकृत रक्तातील घातक कोलेस्टेरॉल पूर्वीइतके उचलीत नाही, म्हणून ते साचू लागते. हाडांची झीज भरतीपेक्षा वेगाने होऊन त्यांतला चुना रक्तावाटे लघवीत निघून जातो. आणि दरमहा सुमारे १५ ते २० मिलिग्रॅम लोह बाहेर जाण्याचे थांबल्यामुळे तेवढी एकच बाब मात्र जमेस पडते.

हा जमाखर्च वाचला म्हणजे एकाच चुलीपुढे बसलेल्या सासूसुनेचे रक्त किती भिन्न मागणी करते, ते ध्यानात येते: सुनेला लोह हवे असते, तर सासूला चुना, आणि हृदयाची निगा. १९७२ साली परभणीत स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हे लोह व जस्त अधिक असलेले ज्वारीचे वाण दिले, तेव्हा भाकरीनेच सुनेची बाजू घेतली असे म्हणता येईल. सासूची बाजू घेण्यास तीळ-कारळाची चटणी आणि वाडगाभर ताक घरात पूर्वीपासूनच आहे, फक्त ते तिच्या पानात सर्वांच्या शेवटी व उरले तरच पडते.

पूर्वजांनी स्त्रीच्या आयुष्यातील हे वळण अचूक हेरले आणि त्यासाठी पंचांगात एक दिवसही राखला, ही त्यांची थोरवी मला मनापासून मान्य आहे. मात्र त्या दिवसाच्या खाती पापाची नोंद झाली, तिथे देहाच्या झिजेची व्हावयास हवी होती. जिच्या माथी दोष कधी नव्हताच, तिने क्षालन कशाचे करावे? उद्यापनाच्या दिवशी घाटावरून परतणाऱ्या त्या वृद्धेचे रक्त एकदा तपासले जावे आणि पान तिच्यासाठी सर्वांच्या आधी मांडले जावे, एवढेच तिचे घराकडे येणे आहे, आणि ते फार दिवसांचे थकले आहे.