जीवनसत्त्वांची इंजेक्शने आणि अंगावर उठणारी गांधी

जीवनसत्त्वांच्या इंजेक्शनांमुळे त्वचेवर दिसणारी ॲलर्जी मुख्यतः तीन प्रकारची असते. काहींच्या अंगावर मिनिटाभरात गांधी उठतात, काहींना आठवड्याभराने सुईच्या जागी इसबासारखा चट्टा येतो, तर काहींची तिथली कातडी पुढे कठीण होते. या तिन्हींची कारणे उमगायला सुमारे अर्धे शतक लागले.

सुरुवात यकृताच्या अर्कापासून झाली. 1926 साली बोस्टनमध्ये जॉर्ज मायनॉट आणि विल्यम मर्फी यांनी पर्निशियस ॲनिमिया या रक्तक्षयाच्या रुग्णांना रोज पाव किलोपर्यंत यकृत खाऊ घालून सावरले. इतके यकृत रोज घशाखाली उतरेना, म्हणून त्याचा अर्क टोचण्याची रीत आली. अर्कात प्राणिज प्रथिनांचे अंश उरत. त्यामुळे काही रुग्णांना पित्त उठे, दम लागे. अर्काऐवजी शुद्ध जीवनसत्त्व हाती आले की हा त्रास संपेल, ही अपेक्षा स्वाभाविक होती.

थायामिनने, म्हणजे बी-1 जीवनसत्त्वाने, ती फोल ठरवली. बेरीबेरीवरचे हे औषध रॉबर्ट विल्यम्स यांनी 1936 मध्ये कृत्रिमरीत्या तयार केले. ते शुद्ध होते, तरी 1940 च्या सुमारास तक्रारी येऊ लागल्या. पहिली काही इंजेक्शने सुखरूप पार पडत. मग एखाद्या दिवशी सुई निघते न निघते तोच तळवे खाजत, चेहरा लाल होई, गांधी उठत आणि रक्तदाब कोसळे. काही रुग्ण दगावलेही. पहिल्या मात्रेने शरीर सावध होते आणि पुढची अल्प मात्राही घात करते, हे शार्ल रिशे यांनी 1902 मध्येच कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवून त्याला ॲनाफायलॅक्सिस हे नाव दिले होते. येथे दोषी रेणू स्वतः जीवनसत्त्वाचाच होता.

1948 मध्ये यकृतातील गुणकारी द्रव्य, बी-12, लाल स्फटिकांच्या रूपात मिळाले. महाराष्ट्रात ‘लाल इंजेक्शन’ म्हणून ओळखले जाते ते हेच. त्याच्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्ट धातूचा अणू असतो. खोट्या दागिन्यांतील धातूंनी ज्यांचे कान चिघळतात, त्यांच्यापैकी कोबाल्टची ॲलर्जी असलेल्या काहींना या इंजेक्शननेही चट्टे येतात. काहींच्या बाबतीत कुपीतील टिकाऊ द्रव्य, बेन्झिल अल्कोहोल, कारणीभूत ठरते.

के-1 जीवनसत्त्वाची गोष्ट आणखी निराळी. 1972 साली फ्रान्समध्ये तेक्सिए आणि सहकाऱ्यांनी कंबर व नितंबांवरील कातडी कठीण झालेल्या रुग्णांचे वर्णन केले. त्यांना स्नायूत के-1 टोचलेले होते, आणि चट्टा कमरेवरून मांडीकडे पिस्तुलाच्या पट्ट्यासारखा उतरलेला होता. इतरांना लाल, खाजरे चट्टे एक-दोन आठवड्यांनी येत. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळत नाही. ते विरघळवण्यासाठी वापरलेल्या एरंडेलजन्य द्रावकाचा शिरेतून दिल्यावर येणाऱ्या तीव्र प्रतिक्रियांशी संबंध जोडला गेला. पुढे पित्तक्षार आणि लेसिथिन वापरलेली नवी बनावट आली.

या अनुभवातून आजची पद्धत घडली. अशी प्रतिक्रिया आली की जीवनसत्त्व, द्रावक आणि टिकाऊ द्रव्य यांची त्वचेवर वेगवेगळी चाचणी घेतात. थायामिन शिरेतून द्यायचे तर ते सावकाश, ॲड्रिनलिन हाताशी ठेवून देतात. अशा प्रतिक्रिया विरळ असल्याने बेरीबेरीच्या रुग्णाचे थायामिन किंवा नवजात बाळाचे के-1 टाळले जात नाही.